खळ्यावरची कृतज्ञता



वसंतात व्याख्याने ऐकण्याचा प्रघात आपल्याकडे जुना आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि पुढे इतर गावांनी ती वहिवाट उचलली. शाळा-कॉलेजांच्या परीक्षा आटोपलेल्या असतात, संध्याकाळी घरात बसवत नाही, चार माणसे एकत्र जमून ऐकायला मोकळी असतात. खेड्यात मात्र हेच दिवस वर्षाच्या हिशेबाचे. शाळू घरात यायचा तो फाल्गुन-चैत्रात, आणि सालगड्याचे साल फिरायचे ते पाडव्याला. शहर ज्या दिवसांत ऐकायला बसते, त्याच दिवसांत गाव मोजायला बसत असे. त्या मोजणीविषयी मी आज बोलणार आहे.

मी कामगार संघटनेत काम करणारा माणूस. माझे शाळेतले शिक्षण आठवीपाशी थांबले. पुढचे जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातून आणि सार्वजनिक वाचनालयांतून. तेव्हा पंडिताच्या अधिकाराने मी काही सांगणार नाही. परंतु एका प्रश्नाने माझा आयुष्यभर पाठपुरावा केला आहे. पगारवाढीची मागणी घेऊन गेलो की टेबलापलीकडून हमखास एक वाक्य येते : ‘ज्याचे मीठ खाता त्याच्याविषयी थोडी कृतज्ञता बाळगा.’ या वाक्याला काय उत्तर द्यावे हे मी पुस्तकांत पुष्कळ शोधले. उत्तर सापडले ते आजोबांच्या खळ्यावर, आणि तेही ते खळे मोडून कित्येक वर्षे झाल्यावर.

प्रथम शब्दच पाहू. ‘कृत’ म्हणजे केलेले आणि ‘ज्ञ’ म्हणजे जाणणारा. केलेले जो जाणतो तो कृतज्ञ. या शब्दात हात जोडणे नाही, मान खाली घालणे नाही, ‘आभारी आहे’ असे म्हणणेही नाही. कोणी काय केले याची जाणीव, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे कृतज्ञता ही एका परीने हिशेबाची गोष्ट ठरते. हा अर्थ मनात धरून आपण खळ्यावर जाऊ.

आमचे गाव सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात. पाऊस कमी, रान हलके, आणि भरवसा रब्बीच्या शाळूवर. आठ एकर जमीन, आणि तिच्यावर तीन पिढ्यांचे एक घर. माझ्या लहानपणी मी जे खळे पाहिले ते असे : गावाबाहेर वाऱ्याच्या तोंडाची एक जागा निवडायची, पाणी मारून ती चोपायची, शेणाने सारवून गुळगुळीत करायची, मध्यभागी तिवडा रोवायचा. बायकांनी कणसे मोडून आणायची, कडब्याच्या पेंढ्या बांधून एका बाजूस रचायच्या. मग बैलांची पात तिवड्याभोवती फिरू लागे. मळणी झाली की वावडीवर उभे राहून एकजण पाटीतून धान्य सोडी, वारा भूस घेऊन जाई आणि खाली दाणा पडे. वारा पडला तर माणसे रात्र रात्र जागून त्याची वाट पाहत. अशी चार-सहा दिवसांनी रास तयार होई.

रास झाली तरी लगेच कोणी हात लावत नसे. शेताच्या कडेला चुना लावलेले पाच दगड असत, त्यांना आम्ही पांडव म्हणत असू. त्यांना नैवेद्य दाखवायचा, राशीला हळदकुंकू वाहायचे, नारळ फोडायचा, आणि मग आजोबा पायली हातात घेत. दशमान मापे येऊन वीस वर्षे झाली होती, पण खळ्यावर पायलीच चाले. चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. पहिले माप टाकताना ‘एक’ म्हणायचे नाही. ‘लाभ’ म्हणायचे. लाभ, दोन, तीन, चार, अशी मोजणी होई आणि ती चालू असता कोणी बोलत नसे. पोराने खोकला काढला तरी आजी डोळे वटारी.

या साऱ्याला कोणी भोळेपणा म्हणेल. मीही तरुणपणी म्हणत होतो. आता वाटते की त्यामागे एक साधी जाणीव होती. ज्याच्या पदरात रास पडली तो सर्वांत आधी वाकत असे. धान्य घरात नेण्याआधी ते आपण एकट्याने पिकविलेले नाही हे चारचौघांत कबूल करीत असे. माती, वारा, बैल, देव आणि राबलेली माणसे अशी ती यादी होती. तिच्यातल्या काही नावांविषयी माझा आणि आजोबांचा मतभेद होईल. यादी करण्याविषयी होणार नाही.

बैलाचेच उदाहरण घ्या. आमच्या भागात सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवीत नसत. सोमवार महादेवाचा, आणि बैल हे महादेवाचे वाहन, म्हणून त्या दिवशी त्याला विसावा. आमचे दैवत शिखर शिंगणापूरचा शंभू महादेव. चैत्रात त्याची यात्रा भरते, लांबलांबून पाण्याच्या कावडी येतात आणि मुंगी घाटाच्या उभ्या चढणीने माणसे त्या खांद्यावरून वर नेतात. ज्या मुलखात माणसाला प्यायला पाणी मिळत नाही तेथे पाणी खांद्यावर घेऊन देवाला नेऊन घालायचे, यातही तीच वृत्ती दिसते : जे सर्वांत दुर्मिळ ते आधी दुसऱ्याला. सोमवारची बैलाची सुटी मात्र लक्षात ठेवा. तिच्याकडे मला पुन्हा यायचे आहे.

पायलीने रास मोजून झाली की वाटे पडत. त्या वाट्यांचा इतिहास मोठा आहे. गावाला लागणारी कामे करणारे बलुतेदार, म्हणजे सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव आणि इतर, यांना रोख मजुरी नसे. वर्षभर काम करायचे आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा घ्यायचा. बारा बलुती म्हणतात, पण बाराची यादी गावोगाव थोडी बदले. त्यांच्या थोरली, मधली आणि धाकटी अशा ओळी असत आणि ओळीप्रमाणे वाटा कमीअधिक होई. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ हे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात हा सर्व व्यवहार तपशिलाने आला आहे. महसूल खात्यात नोकरी करीत असता त्यांनी तो डोळ्यांनी पाहिला होता, आणि त्यातली ओढाताणही त्यांनी लपविलेली नाही.

हिरोशी फुकाझावा या जपानी अभ्यासकाने मराठ्यांच्या काळातील कागदपत्रे वाचून १९७२ साली एक महत्त्वाचा मुद्दा मांडला. त्याचे म्हणणे असे की, महाराष्ट्रातला बलुतेदार हा एखाद्या कुटुंबाचा चाकर नव्हता. तो गावाचा होता. त्याचे काम वतन होते, ते वंशपरंपरेने चाले आणि त्याबद्दल मिळणारा वाटा हा त्याचा हक्क मानला जाई. जुन्या कागदांत ‘हक्क’ हाच शब्द येतो. सुताराने औत नीट करून दिले तर चैत्रात खळ्यावर येऊन तो ‘मालक, मेहेरबानी करा’ असे म्हणत नसे. ‘माझे बलुते टाका’ असे म्हणे. शेतकऱ्याला ते टाकावे लागे, आणि टाकताना हात आखडला तर सुतारही पुढच्या पेरणीला पाभर वेळेवर देत नसे. आपण आज ज्याला हक्काची भाषा म्हणतो ती गिरणीच्या भोंग्याबरोबर परदेशातून आली असा समज आहे. तो पुरता खरा नाही.

परंतु येथेच थांबलो तर मी आपली फसवणूक केली असे होईल. त्या खळ्यावर सर्वांचा हक्क सारखा नव्हता. महार आणि मांग या जातींनाही बलुते होते. ते ज्या कामांबद्दल मिळे त्यांना मर्यादा नव्हती. गावची राखण, सांगावे पोहोचविणे, सरकारी माणसांची ओझी वाहणे, मेलेली जनावरे ओढणे, हाक येईल तेव्हा हजर राहणे. बदल्यात वतनाचा लहानसा तुकडा, खळ्यावरचा वाटा, आणि बऱ्याच गावी खळे उठल्यावर मातीत मिसळलेले मातेरे. सुताराला जे टाकावे लागे ते महाराला ‘दिले’ जाई. एकाच राशीतून एकाला हक्क मिळे आणि दुसऱ्याला उपकार, आणि दुसऱ्याने त्या उपकाराबद्दल जन्मभर जोहार करावा अशी अपेक्षा असे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात महार वतनासंबंधी बिल आणले ते यासाठीच. कामाला मर्यादा नाही आणि मोबदल्याला निश्चिती नाही, असल्या वतनाने माणूस गावाला बांधला जातो, हे त्यांनी आपल्या समाजाला आणि सरकारला वर्षानुवर्षे सांगितले. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा शेवटी १९५८ साली झाला. तोवर आपल्या बांधवांपैकी पुष्कळांनी बलुते मागण्यास जाणेच सोडून दिले होते. दया पवार यांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हे नाव दिले तेव्हा त्या एका शब्दात खळ्यावरच्या वाट्याचे खरे चित्र शहरी वाचकांसमोर आले.

आता गावातून गिरणीकडे वळू, कारण माझे घर याच वाटेने गेले. मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी १८५४ साली निघाली. पुढच्या पन्नास वर्षांत रत्नागिरी, सातारा, पुणे, नगर या जिल्ह्यांतून हजारो माणसे तेथे गेली. ती जमीन सोडून गेली नाहीत. एक भाऊ रानात आणि एक भाऊ साच्यावर अशी ती विभागणी होती. गिरणीत गेलेल्याने मनीऑर्डर पाठवायची, रानातल्याने धान्याचे गाठोडे पाठवायचे. शिमग्याला, सुगीला आणि लग्नसराईला गिरणीतला माणूस गावी जाई. गिरणीमालकांची यावर सदा तक्रार असे की हा मजूर अर्धा शेतकरी आहे, त्याला शिस्त नाही. परंतु हिंदुस्थानातील मजुरांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनने १९३१ च्या आपल्या अहवालात गावाशी असलेला हा संबंध हितकारकच मानला आणि तो टिकवावा असे सुचविले.

या अर्ध्या शेतकऱ्यांना गिरणीत काय दिसले? त्यांना सुटीचा वार दिसला नाही. गावी बैलाला सोमवार होता. येथे माणसाला कोणताच वार नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुले यांचे सत्यशोधक सहकारी. त्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. मागण्या अगदी साध्या होत्या : रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, आणि मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. रविवारच का, याचे एक कारण लोखंडे यांनी असे दिले असे सांगतात की, रविवार हा जेजुरीच्या खंडोबाचा वार आहे. १८९० च्या वसंतातच, २४ एप्रिलला, महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली.

ही सुटी ज्यांनी मागितली त्यांनी ती कोठल्या परदेशी पुस्तकातून घेतली नव्हती. जे आपल्या देवाने आपल्या बैलाला दिले आहे ते आपल्याला का नसावे, एवढाच प्रश्न त्या माणसांच्या मनात असला पाहिजे. फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये १८८३ साली दाखवून दिले होते की श्रद्धेचा उपयोग शेतकऱ्याला लुबाडण्यासाठी कसा होतो. त्यांच्याच शिष्याने त्या श्रद्धेतला एक वार उचलून मजुराच्या हाती हत्यार म्हणून दिला. श्रद्धा कोणाच्या बाजूने उभी केली जाते यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

गिरणीत दुसरी एक गोष्ट दिसली, ती म्हणजे कृतज्ञतेची दिशाच उलटी झाली होती. खळ्यावर ज्याची रास तो वाकत होता. गिरणीत रास मालकाची आणि वाकायचे मात्र राबणाऱ्याने. बोनसचा इतिहास याची साक्ष देईल. पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्यांना अमाप नफा झाला, तेव्हा कामगारांना बोनस मिळू लागला. पुढे नफा घटला असे सांगून तो बंद केला. १९२४ च्या जानेवारीत त्यासाठी मुंबईत मोठा संप झाला. मुख्य न्यायमूर्ती मॅक्लिऑड यांच्या समितीने निर्णय दिला की बोनसवर कामगारांचा कोणताही हक्क पोहोचत नाही. म्हणजे दिला तर उपकार, न दिला तर तक्रार नाही. बोनस हा हक्क आहे हे कायद्याच्या पुस्तकात येण्यास १९६५ साल उजाडावे लागले. सुताराला चैत्रात खळ्यावर जे पिढ्यान्‌पिढ्या मिळत होते ते कारखान्यात मिळविण्यास आम्हांला चाळीस वर्षे भांडावे लागले.

या भांडणात गावचे खळे आमच्या पाठीशी उभे होते, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांत एखाद्या ओळीत संपते. २६ एप्रिल १९२८ रोजी मुंबईतल्या जवळजवळ सर्व गिरण्या बंद पडल्या आणि ऑक्टोबरपर्यंत बंद राहिल्या. दीड लाख कामगार, सहा महिने, पगार नाही. पुष्कळजण आपापल्या गावी गेले आणि भावाच्या घरातली भाकरी खाऊन त्यांनी संप टिकवला. संपाच्या यशाचे श्रेय पुढाऱ्यांना मिळते, आणि ते मिळावेच. पण ज्या भावजयीने आपल्या पोरांच्या ताटातली अर्धी भाकरी मोडून दिराला वाढली तिचे नाव कोठल्याही अहवालात नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, एका गिरणीत साचेवाले होते. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होतो. दीड महिना त्यांनी कसाबसा काढला, वाण्याची उधारी थांबली, आणि शिमग्याच्या आधी आठ दिवस आम्ही पाचजण एस. टी. तून गावी उतरलो. घरात आजोबा, आजी, दोन चुलते, चुलत्या, त्यांची मुले आणि आता आम्ही. एकूण अठरा माणसे.

पहिले काही दिवस आमचे कौतुक झाले. मग एके रात्री मी पडवीत निजलो असता धाकटे चुलते, तात्या, चुलतीशी बोलत होते. ‘संप त्यांचा आन उपास आमचा,’ असे ते म्हणाले. मला ते शब्द झोंबले, परंतु आज सांगतो, तात्यांचे चुकत नव्हते. आठ एकर हलक्या रानात अठरा तोंडे भरत नाहीत. अण्णाही जागेच होते, हे मला त्यांच्या विडीच्या टोकावरून कळले.

पाडव्यानंतर आठवड्याने आमची रास झाली. आजोबांनी लाभ, दोन, तीन असे माप टाकले. बियाणे बाजूला काढले, देवाचे काढले, सुतार-लोहारांचे काढले. आमच्या गावी ते तेव्हाही थोडेफार चालू होते. मग घरचे धान्य कणगीत भरण्याआधी त्यांनी एक ढीग वेगळा घातला आणि अण्णांना म्हणाले, ‘थोरल्या, ह्यो तुझा वाटा.’

अण्णांनी मान खाली घातली. ‘म्या काय केलंय आवंदा? दोन रोज पात हाकली.’

आजोबा चिडले. ‘हिरीचं पानी पिऊन शाळू वाढला न्हवं? हीर कुनाच्या पैशानं बांधली?’

ती विहीर १९७२-७३ च्या दुष्काळात खोदली आणि पुढच्या दोन वर्षांत बांधून काढली होती, अण्णांच्या मनीऑर्डरींवर. ते मी तोवर कधी ऐकले नव्हते. अण्णांनी ते कधी बोलून दाखविले नव्हते, आणि तात्याही विसरले होते. आजोबा विसरले नव्हते. तात्यांनी एक शब्द न बोलता पोते धरले आणि अण्णांचा ढीग त्यात भरू लागले. गिरणीतल्या पगाराची विहीर झाली होती, विहिरीचा शाळू झाला होता, आणि तो शाळू खाऊन गिरणीतला संप उभा होता. मदतीचा तेथे प्रश्नच नव्हता. तो वाटा होता, आणि आजोबांनी तो हिशेबाने काढला होता. ‘केलेले जाणणारा’ या शब्दाचा अर्थ मला पुढे कोशात मिळाला. माणूस मी आधीच पाहिला होता.

त्याच दुपारी दुसरी गोष्ट घडली. खळे उठले, तळाचे मातेरे तसेच पडून राहिले. आजोबा म्हणाले, ‘आदी हे न्यायला मानसं यायची. आता येत न्हाईत. काय झालं त्यांना, कुनाला ठावं.’ बौद्धवाड्यातली माणसे बलुते घेण्यास येईनाशी होऊन बरीच वर्षे झाली होती. अण्णा म्हणाले, ‘आबा, तुमी सुताराला राशीतलं दिलं आन त्यांना मातीतलं. ती तरी कशाला येतील?’ आजोबांनी उत्तर दिले नाही. संध्याकाळपर्यंत ते कोणाशीही बोलले नाहीत. त्यांना ते पटले किंवा नाही, मला सांगता येणार नाही. पण मुलाने बापाला खळ्यावर असे बोलावे हे आमच्या घरात प्रथमच घडले, आणि ज्याला आत्ताच वाटा मिळाला होता त्यानेच ते बोलावे, याला मी धैर्य समजतो.

संपाचे पुढे काय झाले ते आपणांस ठाऊक आहे. तो रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. तो विरून गेला. अण्णांना गिरणीत परत घेतले नाही. फंडाच्या पैशासाठी त्यांनी कित्येक वर्षे खेटे घातले आणि पुढे रखवालदारी करीत दिवस काढले. माझी शाळा सुटली ती तेव्हाच. मी हमालीला लागलो, हमालांच्या संघटनेत आलो आणि तेथेच राहिलो. आमच्या जमिनीचे तीन तुकडे झाले, खळ्याच्या जागी तात्यांच्या मुलाने घर बांधले आहे, आणि शाळू आता मळणी यंत्रातून एका दुपारीत निघतो. यंत्राचे भाडे तासावर द्यावे लागते, त्यामुळे ‘लाभ’ म्हणण्यास कोणाला वेळ नाही. याचे मला दुःख नाही. वाऱ्याची वाट पाहत ज्याने रात्री काढल्या आहेत तो यंत्राला नावे ठेवणार नाही. फक्त हिशेब मांडण्याची ती जागा गेली आणि तिच्या बदली दुसरी जागा आपण केली नाही, एवढे मला म्हणावयाचे आहे.

आणखी एक कबुली देणे उरले आहे. त्या चैत्रात माझी आई गावात रिकामी बसली नव्हती. घरच्या खळ्यासाठी तिने शेण आणले, सारवले, कणसे मोडली, आणि दुपारनंतर ती दुसऱ्यांच्या रानात मजुरीला जाई, जावांच्या डोळ्यांत आपली मुले खुपू नयेत म्हणून. मिळालेल्या मजुरीचे ती मीठमिरची आणी आणि न बोलता चुलीपाशी ठेवी. आजोबांच्या हिशेबात विहीर होती, बैल होते, महादेव होता, आई नव्हती. तिच्या नावाने पायलीभरही ढीग पडला नाही. अण्णांनी आजोबांना मातेऱ्याविषयी विचारले, पण हे विचारले नाही. आणि मी? मी तीस वर्षे संघटनेत भाषणे केली, संपाच्या इतिहासावर व्याख्याने दिली, आणि आई गेल्यानंतर तिच्या पेटीत मजुरीच्या दिवसांच्या काट्यांची नोंद असलेली एक लहान वही सापडली तेव्हा मला हे प्रथम सुचले. १८९० साली महालक्ष्मीच्या सभेत ज्या दोन स्त्रिया बोलल्या त्यांना हे ठाऊक असावे. आम्ही मात्र त्यांच्यानंतर शंभर वर्षांनीही विसरलो.

तेव्हा टेबलापलीकडून येणाऱ्या त्या वाक्याला माझे उत्तर असे आहे. कृतज्ञता ही मोठी गोष्ट आहे, माझ्या आजोबांच्या घरात ती धर्माइतकीच मोठी होती. पण ती ज्याच्यासमोर रास आहे त्याने दाखवायची असते. ज्याच्या हातात रिकामी पाटी आहे त्याच्याकडून ती मागणे म्हणजे त्याचा वाटा बुडवून वर त्याच्याकडून पावती घेणे आहे. देवापुढे जो वाकतो त्याने माप टाकतानाही खरे असावे. आजोबा जेथे खरे होते तेथे त्यांची भक्ती खरी होती, आणि जेथे त्यांचे माप चुकले तेथे त्यांच्या देवाचाही इलाज चालला नाही. आपल्यापैकी ज्यांच्या घरी कारखाना नाही त्यांच्याही घरी लहानमोठी रास आहेच. ती कोणाच्या विहिरीवर पिकली, तिच्यात कोणाचे नाव गाळले गेले, हे वर्षातून एकदा, या दिवसांत, माणसांनी बसून मोजावे.

 ज्यांनी दुपारच्या उन्हात या मैदानावर पाणी मारले, खुर्च्या मांडल्या आणि जे आपण गेल्यावर त्या उचलणार आहेत त्यांचे आभार मानतो. त्यांना या कामाचे किती मिळतात, हे चालकांना मी व्याख्यानाआधी विचारले आहे. आपणही जाता जाता विचारावे.